घडीची ट्रॅव्हल कॉट: सगळं धड आहे, पण एक खटका गेला

बाळाच्या घडीच्या कॉटच्या लांब बाजूच्या दांडीचा खटका धरेना झालाय, म्हणून हे लिहितोय. कापड, जाळी, चाकं, पिशवी अजून नव्यासारखी आहेत. पण वरच्या चार दांड्यांपैकी एकीचा मधला सांधा सुटत असेल तर कॉट बाद समजायची. सांधा सुटला की दांडी मध्येच मोडून व्ही आकारात खाली येते आणि दांडी धरून उभ्या असलेल्या बाळाची मान त्या खाचेत अडकते. १९९०च्या दशकात अमेरिकेत अशाच कारणाने बाळं दगावली आणि त्या कॉट बाजारातून परत मागवाव्या लागल्या.

उघडण्याचा क्रम चुकला की खटक्यावर ताण येतो. तळाची मधली मूठ वर ओढलेली असतानाच चारही दांड्या मध्यभागी धरून उचलायच्या, चारही खटके बसू द्यायचे, मगच मूठ खाली दाबायची. मूठ आधी दाबली तर पाय फाकतात, दांड्या ताणल्या जातात आणि खटका अर्धाच बसतो. 'टक' आवाज तेव्हाही येतो, म्हणून आवाजावर अजिबात विसंबू नका. प्रत्येक दांडीच्या मध्यावर तळहाताने जोर देऊन पाहा. किंचितही खचली तर मूठ वर ओढून पुन्हा सुरुवात करा. बाळाला ठेवण्याआधी हे दर वेळी करायचं, कॉट सकाळपासून उघडी असली तरीही.

मिटताना आधी गादी काढा, मूठ पूर्ण वर ओढा, मग दांडी जराशी उचलून बटण दाबा. मूठ अर्धवट वर असताना बटणाशी झोंबाझोंबी केली की आतल्या प्लॅस्टिकला तडा जातो. दुसरा शत्रू म्हणजे वाळू आणि बिस्किटाचा चुरा. सांध्यात तो साचला की खटका पूर्ण बाहेर येत नाही. कोरड्या ब्रशने झाडा. तेल घालू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते.

गादीबद्दलचं मत मात्र बदललं. सुरुवातीला ती पुठ्ठ्यासारखी पातळ आणि कडक वाटते, वर दुसरी मऊ गादी घालावीशी वाटते. तसं करू नका. वेगळी गादी आणि जाळी यांच्यामध्ये फट राहते, त्यात बाळाचं तोंड अडकून श्वास कोंडतो. शिवाय तळ वर आल्याने कडेची उंची कमी होते. कडक आणि सपाट गादीच योग्य. बाळ वर्षाचं होईपर्यंत उशी, पांघरूण, मऊ खेळणी काही नको, आणि झोपवायचं पाठीवरच. गादीखालचे वेल्क्रोचे पट्टे तळाच्या चिरांमधून ओवून बाहेरून चिकटवा. कंटाळा येतो, पण त्याशिवाय मोठं बाळ गादी उचलून तिच्याखाली जाऊ शकतं.

तान्ह्या बाळासाठी कॉटच्या वरच्या भागात अडकवायचा झोळा बाळ हातागुडघ्यांवर उठू लागलं की काढायचा, वजनाची मर्यादा गाठली नसली तरी. पाय वर टाकून चढायचा प्रयत्न सुरू झाला की कॉटच बंद. परक्या खोलीत पडद्याच्या दोऱ्या, चार्जरच्या वायरी आणि हीटर यांपासून कॉट निदान तीन फूट लांब ठेवा. खिडकीखाली तर नकोच.

आता सर्व्हिस सेंटर. सांधा सुटा मिळत नाही, अख्खा सांगाडा घ्या म्हणतात, आणि त्याची किंमत जवळपास नव्या कॉटएवढी! वर सल्ला काय, तर तोवर दांडी दोरीने बांधून वापरा. बाळाच्या कॉटला दोरी? हे ऐकून खरंच संताप आला. गाठ सैल झाली की दांडी खाली येणार आणि दोरीचा फास वेगळाच. टेप, तार, घरगुती स्क्रू यांनाही नकारच.

सांगाडा घेणार नाही. पुढची कॉट घेताना सांधा सुटा मिळतो का, हे लेखी विचारणार. ही टाकून देताना जाळी आणि कापड कापून टाकायचं, म्हणजे चांगली दिसते म्हणून कुणी उचलून आपल्या बाळासाठी वापरणार नाही.