पतसंस्था की सहकारी बँक? एफडी करण्याआधी वाचा

पतसंस्थेत व्याज जास्त मिळतं, त्यात वादच नाही. मुंबईत आमच्या भागात तरी एक-दीड टक्क्याचा फरक सहज पडतो, शिवाय ऑफिस बिल्डिंगच्या खालीच, काउंटरवरची मुलगी नावाने ओळखते, पिग्मीवाला दुकानात येऊन पैसे घेऊन जातो. सहकारी बँकेत एवढे लाड नाहीत, वर केवायसीच्या नावाखाली आधार-पॅनची झेरॉक्स पुन्हा पुन्हा द्या. माझ्या ठेवी दोन्हीकडे आहेत, त्यामुळे कुणाशी वैर नाही, तरी माझा कल कुठे आहे ते कळेलच.

दर, मुदत, मोडली तर किती कापतात वगैरे सगळ्यांना माहीत असतं, ते सोडतो. मला खटकलं ते वेगळंच.

पतसंस्थेतल्या एका एफडीची मुदत संपली. पावतीच्या मागे रेव्हेन्यू स्टॅम्प लावून, त्यावर सही करून दिली, तर म्हणे मॅनेजर साहेब रजेवर आहेत, सोमवारी या. सोमवारी गेलो तर चेअरमनची सही राहिलेली. मग हळूच, "काका रिन्यूच करा ना, पाव टक्का वाढवून देतो." नाही म्हटलं की चहा. कोणी उद्धट बोलत नाही, नाही असंही म्हणत नाही, त्यामुळे भांडायचं तरी कोणाशी! पैसे शेवटी मिळाले, व्याजासकट पूर्ण मिळाले, हेही सांगितलं पाहिजे. पण मधल्या काळात तक्रार कुठे करायची ते शोधायला लागलो आणि माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

पतसंस्था चालते महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली, म्हणजे राज्याचं सहकार खातं आणि वॉर्डाचे उपनिबंधक. अर्ज दिला, पोच म्हणून आवकचा शिक्का मिळाला, साहेब सभ्यपणे बोलले आणि अर्ज खुलाशासाठी त्याच संस्थेकडे पाठवला. खुलासा काय आला तर ठेवीदाराशी चर्चा चालू आहे. चर्चा म्हणजे तोच चहा. त्यांना तरी किती दोष देणार, त्याच टेबलावर हाउसिंग सोसायट्यांच्या गळतीची, पार्किंगची आणि निवडणुकीची भांडणं थप्पीने पडलेली असतात.

ग्राहक आयोगात जाता येतं, सहकार कायदा असला तरी सभासदाला तो रस्ता मोकळा आहे असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २००३ मध्येच सांगितलंय आणि ५ लाखांपर्यंतच्या रकमेला फी पण नाही, पण तारखांना हजर राहायची तयारी हवी. ठेवीदारांसाठी राज्याचा १९९९ चा एमपीआयडी कायदाही आहे, त्यात संस्थेची आणि संचालकांची मालमत्ता जप्त होऊ शकते, फक्त तो कामाला येतो तोपर्यंत गाडी बरीच पुढे गेलेली असते.

आता बँकेचं. तिथे माझं भांडण अगदीच फुटकळ, एफडी मला न विचारता कमी दराने रिन्यू केली होती. शाखेत लेखी दिलं, नियमाप्रमाणे ३० दिवस वाट बघितली, उत्तर नाही, मग रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर, म्हणजे बँकांच्या तक्रारी लोकपालाकडे नेणाऱ्या वेबसाइटवर, घरबसल्या तक्रार टाकली. तक्रारीचा नंबर आला, आणि थोड्याच दिवसांत हेड ऑफिसमधून फोन, आवाजातला गोडवा काय सांगू. फरक व्याजासकट जमा. लोकपालाकडे एक पैसा फी नाही. (५० कोटींपेक्षा कमी ठेवी असलेल्या नागरी बँका लोकपालाच्या योजनेत येत नाहीत, त्यांची तक्रार रिझर्व्ह बँकेचाच दुसरा विभाग बघतो, पोर्टल तेच.)

दुसरं म्हणजे विमा. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचं, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा कंपनीचं संरक्षण आहे, फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख, आधी १ लाखच होतं. पतसंस्थेला हे लागू नाही, बाहेर बोर्डवर किती का मोठं नाव असेना. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर सांगितलं होतं की काही सहकारी संस्था नावात बँक लावतात आणि नाममात्र (मताचा हक्क नसलेले) सभासद करून सरळ पब्लिककडून ठेवी घेतात, सांभाळून राहा. तुम्हालाही काउंटरवर थोडी फी घेऊन नाममात्र सभासद करत असतील तर तो मुद्दा हाच.

कोणी म्हणेल सहकारी बँका काय बुडत नाहीत? बुडतात की, मुंबईकराला ते सांगायला नको. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध लागले तेव्हा आधी फक्त १ हजार काढता येत होते, आणि पुढे विलीनीकरणात मोठ्या ठेवीदारांची उरलेली रक्कम १० वर्षांवर गेली. पण कायदा २०२१ मध्ये बदलला, आता असे निर्बंध लागले की विम्याचे पैसे ९० दिवसांत द्यायचे असतात. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्हवर १३ फेब्रुवारी २०२५ ला निर्बंध आले, महिनाअखेरीला २५ हजारांपर्यंत काढायची मुभा मिळाली आणि ऑगस्टमध्ये बँक सारस्वतमध्ये विलीन झाली. त्या रांगेतल्या लोकांचे हाल झालेच, नाही असं नाही, पण किती आणि कधीपर्यंत याला निदान काहीतरी लेखी आधार होता.

पगारदार पतसंस्थांना मात्र याच मापाने मोजू नका. महापालिका किंवा शाळेतल्या कर्मचाऱ्यांच्या संस्थेत कर्जाचा हप्ता पगारातूनच कापला जातो, त्यामुळे थकबाकीचा धोका मुळात कमी. तुम्ही तिथलेच असाल तर खुशाल ठेवा. नागरी पतसंस्थांतही चांगल्या असतात, माझी एक अजून चालू आहे, पण ठेवण्याआधी वार्षिक अहवाल मागा, ऑडिटचा वर्ग आणि थकबाकी बघा, आणि अहवाल द्यायला टाळाटाळ झाली तर पावती फाडू नका. सोनंतारण तिथलं बेस्ट, तासाभरात काम होतं.

आईचे रिटायरमेंटचे पैसे मी दोन सहकारी बँकांत वाटून ठेवलेत, एकेकात साडेचार लाखांच्या आतच, कारण ५ लाखांच्या मर्यादेत व्याजही धरतात आणि सगळ्या शाखा मिळून एकच मोजतात. व्याज कमी येतं, आई त्यावरून अधूनमधून ऐकवते.