१० टनी बॉटल जॅक: ट्रॉलीसाठी चांगला, पण एकट्याच्या भरवशावर नको

लासलगाव-पिंपळगावच्या वाटेवर कांद्याची ट्रॉली पंक्चर झाली की बहुतेक ठिकाणी हाच १० टनी बॉटल जॅक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा बाटलीसारखा उभा जॅक, बाहेर निघतो. नाशिकला द्वारका-आडगाव बाजूच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळतो. ताकदीत तो कमी पडत नाही. चारचाकी ट्रॉली मालासकट ७ टन धरली, तर एका चाकावर पावणेदोन-दोन टन येतात. माल एका अंगाला गेला असेल तर आणखी थोडे. म्हणून २० टनी घ्यायची गरज नाही. पण १० टनीही बसका नसतो, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

१० टनी जॅक पूर्ण मिटला तरी साधारण २२ सेंटिमीटर उंच राहतो. टायर बसला की अ‍ॅक्सलखाली वीतभरही जागा उरत नाही. अशा वेळी जॅक तिरका घुसवू नका. चाकापुढे २ इंची फळी टाका, ट्रॅक्टरने ट्रॉली हळूच त्यावर घ्या, जॅक सरळ उभा बसेल. दुकानात जाण्याआधी बसलेल्या टायरवर ही जागा टेपने मोजून घ्या.

दुसरी उणीव पायाची. तो जेमतेम १२ सेंटिमीटर चौरस आहे. २ टन त्यावर आले की चौरस सेंटिमीटरला १३-१४ किलोचा दाब पडतो. निफाडच्या काळ्या मातीत, तेही पावसानंतर, जॅक एका कडेने रुततो, कलतो आणि अ‍ॅक्सल त्यावरून निसटतो. खाली दीड फूट चौरस, २ इंच जाडीची बाभळीची फळी आणि वर लोखंडी पत्रा ठेवला की दाब किलोभरावर येतो. फळी जॅकइतकीच गरजेची आहे.

ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवा, हँडब्रेक ओढा, विरुद्ध बाजूच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. दोन चाकी ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडवून उचलली तर दांडी उसळते. चाक जमिनीवर असतानाच त्याचे नट अर्धा आटा ढिले करा. जॅक पाट्याच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) यू-बोल्टजवळ, अ‍ॅक्सलच्या सपाट भागाखाली लावा. मधोमध लावला तर अ‍ॅक्सल वाकतो, चेसीखाली लावला तर पाटा लोंबतो आणि चाक उचलायला फार उंची लागते. चाक जमिनीपासून दोन बोटं सुटलं की थांबा आणि अ‍ॅक्सलखाली घोडी (लोखंडी स्टँड) लावून वजन तिच्यावर सोडा. बेअरिंगला ग्रीस भरायचं असेल तर ट्रॉली रिकामीच हवी, आणि घोडीशिवाय हात घालू नका. आतलं सील कधी दगा देईल हे बाहेरून कळत नाही.

नवा जॅक दाबल्यावर लिबलिबीत लागला तर आत हवा आहे. जॅक उतरवायचा व्हॉल्व्ह उघडा, पंपाचा दांडा १०-१२ वेळा मारा, मग बंद करा. तेल कमी असेल तर जॅक पूर्ण मिटवून हायड्रॉलिक तेलच भरा. ब्रेक ऑइलने आतले रबर फुगतात, तेल गळू लागतं. खाली उतरवताना व्हॉल्व्ह पाव आटा, अगदी सावकाश.

विकत घेताना दुकानदाराला एखाद्या उभ्या गाडीखाली जॅक लावायला सांगा. जॅकमधून वर आलेल्या दांड्यावर खडूने खूण करा, १० मिनिटं थांबा. खूण खाली सरकली तर तो नग परत द्या.