अल्गी स्क्रबरचे नऊ महिने: शेवाळ गेलं नाही, त्याने जागा बदलली

आधी निकाल सांगून टाकते. स्क्रबर, म्हणजे शेवाळ मुद्दाम एका जाळीवर वाढवून माशांच्या टाकीचं पाणी साफ ठेवणारा डबा, मी ठेवणार आहे, आणि हा बंद पडला तर दुसरा आणेन. पण खोक्यावर 'एकदा लावा आणि निर्धास्त व्हा' अशा अर्थाचं जे काही छापलं होतं ते खरं नाही. मधल्या दोन महिन्यांत तर याच्यामुळे माझी टाकी जवळजवळ हातची गेली होती. त्यात यंत्रापेक्षा माझाच दोष जास्त, तेही खाली येईलच.

टाकी 75 लिटरची, खाऱ्या पाण्याची. मासे म्हणजे दोन क्लाउनफिश आणि एक गोबी; प्रवाळ म्हणजे थोडे झोअँथिड, मशरूम आणि एक हॅमर कोरल. दीड वर्ष सुरळीत गेलं आणि मग खडकांवर हिरवं केसाळ शेवाळ धरायला लागलं. आधी चार पुंजके, मग बघता बघता लॉन. गंमत म्हणजे टेस्ट किट फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खत, शून्य दाखवत होतं. त्या शून्यावर विसंबून मी महिनाभर गप्प बसले. पाण्यात फॉस्फेट दिसत नव्हतं, कारण शेवाळ ते येताक्षणी गट्ट करत होतं. शिवाय अरॅगोनाइटचा (चुन्याच्या खनिजाचा) खडक फॉस्फेट धरून ठेवतो आणि पाण्यातलं कमी झालं की हळूहळू सोडत राहतो. म्हणजे शेवाळ थेट कोठारावरच बसलेलं.

गोगलगायी आणल्या. ट्रोकस चांगल्या, उलट्या पडल्या तर स्वतः सरळ होतात. अ‍ॅस्ट्रिया तशाच पडून मरतात. पण बोटभर लांब झालेल्या शेवाळाला दोघीही तोंड लावत नाहीत. फॉस्फेट शोषणाऱ्या तपकिरी दाण्यांची पुरचुंडी टाकली, तर दोन दिवसांत हॅमर आक्रसून बसला. मग टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) काढला आणि लाज वाटली: टाकीचं पाणी शुद्ध करणाऱ्या आरओडीआय फिल्टरचं रेझिन कधीच संपलं होतं, शून्याच्या जागी 14 दिसत होतं. स्क्रबर विकत घेण्याआधी हे तपासा, फुकटात होतं.

तर स्क्रबर. कल्पना जुनी आहे. स्मिथसोनियन संस्थेतले वॉल्टर एडी यांनी प्रवाळांच्या टाक्यांसाठी ती विकसित केली. 1982 सालचं त्यांचं पेटंट आहे. शेवाळ वाढणारच असेल तर आपण ठरवू त्या जाळीवर वाढू दे, भरपूर उजेड आणि खळखळतं पाणी दे, आणि वाढलेलं पीक कापून टाकीबाहेर काढ. त्या पिकासोबत नायट्रेट-फॉस्फेट बाहेर जातं. माझं मॉडेल बुडबुड्यांचं आहे: छोटा डबा, आत खरबरीत जाळी, खालून एअर पंपाची हवा आणि बाजूला लाल-निळे एलईडी. टाकीचे दिवे विझले की याचे लागतात, त्यामुळे रात्री पीएचही फार खाली घसरत नाही. खोलीत मात्र जांभळट उजेड पसरतो. मी डब्याला काळं कापड गुंडाळलंय.

पहिले तीन आठवडे जाळीवर नुसता तपकिरी चिकटा. चौथ्या आठवड्यात हिरवं धरलं आणि मी उत्साहाच्या भरात टूथब्रशने जाळी लख्ख घासली. हे करू नका. मुळं गेली की पुन्हा पहिल्यापासून. माझे तीन आठवडे त्यात गेले. आता जुन्या प्लास्टिक कार्डाने वरवर खरवडते आणि तळाशी हिरवी लव ठेवते. दर दहा दिवसांनी ओलं, पिळून घेतलेलं मूठभर शेवाळ निघतं. वास ओहोटीच्या खडकांसारखा. हातात घेतलं तर त्यातून कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव, वळवळताना दिसतात. ते जाळीवरचं शेवाळ कुरतडतात म्हणून जाळी गोड्या पाण्यात धुवायची. मी मात्र त्यातले थोडे आधी टाकीत झटकते, गोबीची मेजवानी.

खडकावरचं शेवाळ मात्र आपोआप जात नाही. ज्याचं आधीच बस्तान बसलंय ते सहज जागा सोडत नाही. दर रविवारी पाणी बदलताना चिमट्याने उपटायचं आणि नळीने लगेच ओढून घ्यायचं, नाहीतर तुटलेले धागे दुसरीकडे रुजतात. स्क्रबरचं काम एवढंच की उपटलेल्या जागी पुन्हा आलं नाही. तिसऱ्या महिन्याअखेर खडक उघडे पडले आणि त्यांवर कोरलाइन, म्हणजे हवंहवंसं जांभळट कडक शेवाळ, चढू लागलं.

इथे थांबायला हवं होतं. मी मात्र हावरटासारखे दिवे अठरा तास चालू ठेवले. पाचव्या महिन्यात नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, आणि या वेळी खरोखरचं शून्य. आठवड्याभरात वाळूवर तपकिरी शेंबडासारखे धागे आले. दुपारपर्यंत टोकांना बुडबुडे, रात्री जवळजवळ गायब. डायटम (निरुपद्रवी तपकिरी सूक्ष्म शेवाळ) असतील म्हणून सोडून दिलं. मग दोन गोगलगायी मेल्या. तेव्हा थोडा चिकटा बाटलीत घेऊन जोरात हलवला, कॉफीच्या फिल्टरमधून गाळला आणि गाळलेलं पाणी उजेडात ठेवलं. तासाभरात स्वच्छ पाण्यात पुन्हा गुठळ्या जमल्या. म्हणजे हे डायनोफ्लॅजेलेट, एकपेशीय सूक्ष्मजीव. पाणी फार उपाशी पडलं की इतर शेवाळं आणि जिवाणू मागे हटतात आणि यांना रान मोकळं मिळतं. यातल्या काही जाती विषारी असतात, म्हणून गोगलगायी.

उपाय ऐकून घरात कुणाचा विश्वास बसेना: पाणी थोडं 'घाण' करायचं. स्क्रबरचे दिवे सहा तासांवर आणले, माशांचं खाणं वाढवलं, पाणी बदलणं थांबवलं, नायट्रेट आणि फॉस्फेट बाटलीतून मोजून घातलं. (जे काढायला यंत्र आणलं, तेच थेंब-थेंब परत ओतताना कसं वाटतं, विचारू नका.) सोबत पाण्यातले सूक्ष्मजीव मारणारा यूव्ही दिवा लावला. पाच आठवडे लागले. झोअँथिडची एक वसाहत गेली, हॅमर वाचला.

तेव्हापासून नायट्रेट 5 ते 10 आणि फॉस्फेट 0.05 ते 0.1 पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग) आसपास ठेवते. रंग जुळवायच्या किटने इतकं बारीक कळत नाही, म्हणून हॅना कंपनीचा अल्ट्रा लो रेंज फॉस्फरस मीटर घेतला. तो पीपीबीमध्ये (अब्जात एक भाग) फॉस्फरस दाखवतो, आकड्याला 3.066 ने गुणून हजाराने भागलं की फॉस्फेट पीपीएम. दिवे सध्या सात तास. आकडा खाली सरकला तर तास कमी, वर गेला तर जास्त. हे बटण हाताशी असणं हाच मला याचा खरा फायदा वाटतो. दाण्यांच्या पुरचुंडीला असं बटण नसतं.

कटकटी आहेतच. बुडबुडे फुटून झाकणावर आणि वायरींवर मिठाची खपली जमते. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावी लागते. वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्या, म्हणजे ओघळ प्लगपर्यंत जात नाही. सहाव्या महिन्यात एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) बुजला आणि जाळीचं अर्धं अंग पिवळं पडलं. पाण्यालाही हलकी पिवळट झाक येते, ती फिल्टरमधल्या सक्रिय कार्बनने जाते.

आणि बबल अल्गीवर, म्हणजे मण्यांसारख्या शेवाळावर, याचा काडीचा परिणाम झाला नाही. मागच्या खडकावर वाटाण्याएवढे सात-आठ हिरवे मणी तसेच चकाकत होते. शेवटी खडकच बाहेर काढला आणि बादलीतल्या टाकीच्याच पाण्यावर धरून एकेक मणी बुडापासून स्क्रूड्रायव्हरने उचकटला. दोन फुटले. खडक त्याच पाण्यात खळबळून परत ठेवला. गेले सहा आठवडे तिथे नवीन काही दिसलेलं नाही.