टूसॉनमध्ये वाफा असेल तर बियाणं इथूनच घ्या: नेटिव्ह सीड्स/सर्च

ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात सामुदायिक बागेत वाफा घेतलेल्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा या दुकानात पाठवते. दुकान म्हणण्यापेक्षा ही बियाणं जपणारी संस्था आहे. 1983 साली सुरू झाली, आणि अमेरिकेच्या या वाळवंटी नैर्ऋत्य भागातली व मेक्सिकोच्या लगतच्या मुलखातली पिढीजात वाणं जपणं हे तिचं मूळ काम. जपलेलं बियाणं पाकिटातून आपल्यालाही मिळतं.

मोठ्या साखळी दुकानांतली पाकिटं मुळात थंड मुलखासाठी छापलेली असतात. ‘थंडी सरली की पेरा, भरपूर ऊन द्या’, हे वाचून इथे एप्रिल-मेमध्ये घेवडा पेरला तर जूनच्या चाळीस अंशांत फुलं गळून जातात, शेंग धरतच नाही. नेटिव्ह सीड्सकडे मात्र थंडीतलं पीक कुठलं, उन्हाळी पीक कुठलं आणि पावसाबरोबर काय पेरायचं हे याच मातीच्या हिशेबानं सांगितलेलं असतं. टूसॉनला वर्षाचा पाऊस जेमतेम 300 मिलिमीटर. त्यातला जवळपास निम्मा जुलै ते सप्टेंबरमध्ये येतो, आणि त्याला इथेही मान्सूनच म्हणतात. माणदेशात वाढल्यामुळे असा बेभरवशाचा पाऊस मला नवा नाही.

माझ्या वाफ्यातलं सर्वांत लाडकं पीक म्हणजे टेपरी हे इथलं कडधान्य. मटकीपेक्षा मोठा, चपटा दाणा. पांढरा, तपकिरी, काळा अशा रंगांत मिळतो. इथले मूळनिवासी तोहोनो ओडम लोक पिढ्यान् पिढ्या पावसाचं वाहतं पाणी शेतात वळवून त्यावर हा पिकवत आले आहेत. पहिला दणदणीत पाऊस झाला की पेरायचा, उगवला की पाण्याचा हात आखडता घ्यायचा. लाड करून रोज पाणी दिलंत तर वेल नुसता पाल्यानं माजतो आणि शेंगा कमी लागतात. आमच्या बागेत सगळ्या वाफ्यांना ठिबक आहे, म्हणून टेपरीच्या ओळीची नळी मी वेगळी बंद करता येईल अशी करून घेतली.

दाणा रात्रभर भिजवूनसुद्धा शिजायला वेळ घेतो. कुकरला नेहमीपेक्षा जास्त शिट्ट्या द्या. पांढरी टेपरी चवीला गोडसर. गोडा मसाला, आमसूल आणि गूळ घालून तिची उसळ झकास होते. तपकिरीला लसूण-तिखटच शोभतं.

साठ दिवसांत येणारा ओडम मकाही घ्या. ताटं बुटकी, कणसं लहान, पण पाऊस थांबायच्या आत पीक हातात. आणि इइतोय कांदा मिळाला तर सोडूच नका. एक कंद लावला की त्याचा झुबका होतो. हिवाळाभर पात कापायची, उन्हाळ्यात तो निपचित पडतो आणि पावसानंतर पुन्हा फुटतो. झुबका फोडून शेजारच्या वाफेवाल्यांना देता येतो. आमच्या बागेत तो असाच कुंपणापर्यंत पोचलाय.

मोठे लालभडक टोमॅटो हवे असतील तर मात्र हे दुकान तुमच्यासाठी नाही. इथली बरीचशी फळं-शेंगा आकारानं लहान, आणि चव ओळखीची व्हायला वेळ लागतो. बियाणं चांगलं आहे म्हणून जमिनीची मेहनतही टळत नाही. इथे फूटभर खणलं की चुनखडीचा दगडासारखा थर लागतो आणि हरळी तर आपल्याकडच्याइतकीच चिवट. वाफा उंच न करता खोलगट करा, म्हणजे पाणी मुळाशी थांबतं.

मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे हे बियाणं ज्यांच्या पूर्वजांनी राखलं त्या मूळनिवासी लोकांना ही संस्था ते फुकट देते. आपण मोजलेले पैसे त्या कामाला लागतात. शिवाय वाणं सरळ, म्हणजे संकरित नसलेली, असल्यामुळे चांगल्या शेंगा राखून पुढच्या वर्षीचं बी घरीच धरता येतं. मका तेवढा दुसऱ्या मक्यापासून लांब लावा, नाहीतर परागातून सरमिसळ होते.

टेपरी आणि मका जूनमध्येच आणून ठेवा. पहिल्या पावसानंतर ओल टिकते ती मोजके दिवस, आणि पेरणी त्यातच उरकावी लागते.