टायफॉईडची लस: साधी की कॉन्जुगेट?

"साधी देऊ की कॉन्जुगेट?" बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या आईबापांना हा प्रश्न हमखास पडतो, कारण खासगी दवाखान्यात दोन्हींच्या किमतीत बराच फरक असतो. मूळ माल मात्र एकच: मुदतीच्या तापाच्या जंतूभोवती असलेलं 'व्हीआय' नावाचं साखरेचं आवरण.

मग पैसे कशाचे? आपल्या प्रतिकारशक्तीच्या एका खोडीचे. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी बी पेशी साखर थेट ओळखतात आणि अँटिबॉडी तयार करतात. पण ती ओळख पक्की व्हायला टी पेशी नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशींची मदत लागते, आणि टी पेशींना साखर कळत नाही. त्यांना प्रथिनाचा तुकडा दाखवावा लागतो. साध्या लसीत नुसती साखर. संरक्षण मिळतं, पण स्मृती जवळजवळ राहत नाही, म्हणून दर ३ वर्षांनी पुन्हा टोचा. शिवाय पुढच्या डोसला शरीर पहिल्यापेक्षा जोरात उत्तर देतं, तेही नाही. २ वर्षांखालच्या बाळांच्या बी पेशी नुसत्या साखरेला फारशी दादच देत नाहीत. त्यांना ही लस चालत नाही.

कॉन्जुगेटमध्ये तीच साखर एका प्रथिनाला जोडलेली असते. टायपबार-टीसीव्ही या लसीत (टीसीव्ही म्हणजे टायफॉईड कॉन्जुगेट व्हॅक्सिन) ते धनुर्वाताचं टॉक्सॉइड, म्हणजे निष्प्रभ केलेलं विष, आहे. बी पेशी साखर बघून ती गिळते, मागोमाग प्रथिनही आत जातं. त्याचा तुकडा ती बाहेर मांडते, टी पेशी तो ओळखते आणि बी पेशीच्या मदतीला येते. प्रथिन धनुर्वाताचं, धडा टायफॉईडचा! म्हणूनच ही लस ६ महिन्यांपासून देता येते, तीही एकच डोस. नेपाळमधल्या मोठ्या चाचणीत तिने सुमारे ८० टक्के संरक्षण दिलं. साध्या लसीचं ३ वर्षांतलं संरक्षण ५५ टक्क्यांच्या आसपास भरतं. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना हीच लस टोचली होती.

लहान मुलासाठी मी डोळे मिटून कॉन्जुगेट घेईन. साधी स्वस्त वाटते, पण दर ३ वर्षांचा खर्च आणि रडारड धरा. मोठ्या माणसाला थोड्या काळासाठीच संरक्षण हवं असेल, तर साधीनेही भागतं.

पॅराटायफॉईड ए-च्या जंतूला हे आवरणच नसतं, त्यामुळे तिथे दोन्ही लसी सारख्याच निरुपयोगी. पाणी उकळणं सुटत नाही. आणि फाइलमध्ये नुसतं 'टायफॉईड' लिहून घेऊ नका. 'टीसीव्ही' लिहायला सांगा, नाहीतर ३ वर्षांनी नेमकी कुठली टोचली होती ते कुणालाच आठवत नाही.