पॅरासिटामॉल मोजायचं: यूव्हीवर की एचपीएलसीवर?

नाशिकच्या सातपूरहून भाचीचा फोन आला, "मामा, प्रोजेक्टला काय घेऊ?" गोळी साधी, पॅरासिटामॉलची. तिच्यात औषध किती ते मोजायचं, पण कशावर? यूव्हीवर, म्हणजे द्रावण अतिनील प्रकाश किती शोषतं ते मोजणाऱ्या यंत्रावर, की एचपीएलसीवर, म्हणजे द्रावण दाबाने ढकलत मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर?

खर्च आणि कचरा आधी बघू. एचपीएलसीत मिनिटाला 1 मिली द्रावण वाहतं. त्यात 60 टक्के अ‍ॅसिटोनायट्राइल असेल तर आठ तासांत जवळपास 290 मिली विषारी द्रावक बाटलीत जमा, आणि त्याची विल्हेवाट वेगळी. ते सिंकमध्ये ओतायचं नाही, खाली गोदावरी आहे. द्रावक बदलून इथेनॉल वापरता येतं, पण ते दाट. पंपावरचा दाब चढतो.

यूव्हीला 20 गोळ्यांची पूड, 0.1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड आणि पाणी पुरतं. 257 नॅनोमीटरला वाचन घ्यायचं, मिलीला 7.5 मायक्रोग्रॅम औषध असेल तर अ‍ॅब्सॉर्बन्स (प्रकाश शोषल्याचं माप) 0.54 च्या आसपास. गाळणं मात्र नीट हवं, नाहीतर गढूळपणाच औषध म्हणून मोजला जातो. माझा अख्खा दिवस त्यात गेलाय.

अचूकतेत यूव्ही एका जागी अडतं: त्याला मिश्रणातले घटक वेगळे करता येत नाहीत. आयबुप्रोफेन सोबत असेल किंवा गोळी विघटित होऊन 4-अमिनोफिनॉल तयार झालं असेल, तर सगळ्यांचं शोषण एकत्रच दिसतं.

एकच औषध, रोजची तपासणी, कॉलेजचं बजेट असेल तर यूव्ही. एका गोळीत दोन औषधं, अशुद्धी किंवा स्टॅबिलिटी (गोळी किती टिकते ते) तपासायची असेल तर एचपीएलसी. भाचीने यूव्हीच घ्यावं.