सायकलस्वारांना विमा सक्तीचा करावा का? स्वित्झर्लंड, जपान आणि जर्मनी यांची तुलना

सप्टेंबर 2008 मध्ये जपानमधील कोबे शहरात रात्रीच्या वेळी उतारावरून सायकलने घरी निघालेला 11 वर्षांचा मुलगा साठी ओलांडलेल्या एका पादचारी महिलेवर जाऊन आदळला, आणि त्या धडकेनंतर ती महिला शुद्धीवर आली नाही. जुलै 2013 मध्ये कोबे जिल्हा न्यायालयाने मुलाच्या आईला सुमारे 9 कोटी 52 लाख येन भरपाई देण्याचा आदेश दिला, कारण मुलाला नीट सायकल चालवायला शिकवणे आणि त्याच्यावर लक्ष ठेवणे हे पालकाचे कर्तव्य होते. सामान्य कुटुंबाला आयुष्यभर कमावूनही ही रक्कम फेडणे कठीण आहे. सायकलस्वारांना थर्ड पार्टी विमा सक्तीचा करावा का, यावर मत ठरवू पाहणाऱ्याने हा निकाल समोर ठेवायलाच हवा. मात्र या प्रश्नाला तीन देशांनी तीन निरनिराळी उत्तरे दिली आहेत, आणि ती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर माझे मत विम्याच्या बाजूने, पण सरसकट सक्तीच्या विरोधात जाते.

स्वित्झर्लंडने ही सक्ती अनेक दशके राबवली आणि नंतर स्वतःहून मागे घेतली. तेथे सायकलीवर आधी धातूची क्रमांकपट्टी आणि पुढे एक लहानसे स्टिकर लावावे लागे, जे टपाल कार्यालयात किंवा दुकानात काही फ्रँकांना मिळे, पुढच्या वर्षीच्या 31 मेपर्यंत चाले आणि इतरांच्या नुकसानीसाठी 20 लाख फ्रँकपर्यंत संरक्षण देई. 2012 च्या सुरुवातीपासून ही पद्धत बंद झाली. बहुतांश स्विस कुटुंबांकडे खासगी दायित्व विमा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाई देणारा विमा, आधीपासून असल्यामुळे तेच संरक्षण लोक दोनदा विकत घेत होते, आणि दरवर्षी स्टिकरे छापणे, विकणे व तपासणे यांचा खटाटोप त्या मानाने फार मोठा होता. महाराष्ट्रात ज्यांनी नगरपालिकेचा सायकलकर भरून बिल्ला घेतला आहे, त्यांना हा खटाटोप वेगळा समजावून सांगायला नको, जरी आपल्या बिल्ल्यामागे विमा नव्हता. या बदलातील सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट अशी की जखमी माणसाला वाऱ्यावर सोडलेले नाही: धडक देणारा सायकलस्वार सापडला नाही किंवा त्याच्याकडे विमा नसला, तर वाहनविम्याच्या राष्ट्रीय हमी निधीकडे दावा करता येतो. पेडल मारताना ताशी 45 किलोमीटरपर्यंत विजेच्या मोटरचे साहाय्य देणाऱ्या जलद ई-बाइकला मात्र आजही क्रमांकपट्टी आणि विमा लागतो.

जपानची वाट याच्या उलट दिशेने गेली. कोबे ज्या ह्योगो प्रांतात आहे, त्या प्रांताने 2015 मध्ये स्थानिक कायद्याने सायकलविमा सक्तीचा केला, जपानमध्ये सर्वांत आधी. टोकियोत ही सक्ती एप्रिल 2020 पासून आहे. अल्पवयीन मुलाचा विमा पालकाने उतरवायचा, कामासाठी सायकल वापरणाऱ्याचा त्याच्या मालकाने आणि भाड्याच्या सायकलीचा ती भाड्याने देणाऱ्याने, अशी जबाबदारी वाटून दिलेली आहे. तरीही विमा नसल्याबद्दल दंड नाही. ही सक्ती दुबळी आहे असे म्हणता येईल, पण मला ती समजूतदार वाटते, कारण स्वतंत्र सायकलविमाच घ्या असा तिचा हट्ट नाही. घराच्या किंवा मोटारीच्या पॉलिसीला जोडलेले वैयक्तिक दायित्वाचे कलमही चालते. शिवाय टीएस मार्क नावाचे स्टिकर आहे, जे अधिकृत कारागिराने सायकल तपासल्यावर तिच्या सांगाड्यावर लावले जाते. त्यासोबत येणारा विमा एक वर्ष चालतो आणि माणसाला न चिकटता सायकलीला चिकटतो, त्यामुळे घरातले कोणीही ती सायकल चालवत असले तरी तो लागू होतो. लाल टीएस मार्कात मृत्यू किंवा गंभीर अपंगत्वासाठी भरपाईची मर्यादा 10 कोटी येन आहे. विमा घ्यायचा तर आधी ब्रेक तपासून घ्यावे लागतात, ही त्यातली खरी उपयोगी बाजू.

जर्मनीत साध्या सायकलीला विम्याची सक्ती नाही. तेथील बहुसंख्य कुटुंबे स्वेच्छेने खासगी दायित्व विमा घेतात, आणि शेजाऱ्याची काच फोडण्यापासून सायकलने पादचाऱ्याला जखमी करण्यापर्यंत बहुतेक सगळे त्यात येते. ताशी 25 किलोमीटरपर्यंतच साहाय्य देणारी ई-बाइक कायद्याने सायकलच मानली जाते. 45 पर्यंत जाणाऱ्या ई-बाइकला दरवर्षी 1 मार्चपासून नवी विमापट्टी लागते. गंमत अशी की ताशी 20 किलोमीटरच्या वर न जाणाऱ्या उभ्याने चालवायच्या ई-स्कूटरला विम्याचे स्टिकर बंधनकारक आहे, कारण ती पायाच्या जोरावर चालत नाही. वेगाच्या दृष्टीने ही विसंगती आहेच, आणि सक्तीची रेषा कोठे ओढायची हे किती अवघड आहे ते यावरून दिसते.

सक्तीच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा जखमी माणसाचा आहे. धडक देणारा गरीब असेल, तर न्यायालयाचा निकाल बाजूने लागूनही हाती काही येत नाही. या कसोटीवर स्वित्झर्लंडचा हमी निधी मला स्टिकरापेक्षाही सरस वाटतो, कारण पळून गेलेल्या सायकलस्वाराने केलेले नुकसानही त्यात येते. विरोधी बाजूचा मुद्दा धोक्याच्या प्रमाणाचा आहे. स्वारासह 90 किलो वजनाची सायकल ताशी 20 किलोमीटरने आणि 1,300 किलोची मोटार ताशी 40 किलोमीटरने जात असेल, तर मोटारीतली गतिज ऊर्जा सायकलीच्या सुमारे 58 पट भरते. मोटारविमा सक्तीचा असण्याचे कारण या आकड्यात आहे, आणि तीच सक्ती जशीच्या तशी सायकलीवर लादणे त्यामुळे मला पटत नाही. सक्तीचा पहिला फटका शाळेला जाणारी मुले आणि कामावर सायकलने जाणारे मजूर यांना बसेल.

नोकरी वा शिक्षणासाठी या देशांत गेलेल्या मराठी कुटुंबांसाठी निर्णय फारसा अवघड नाही. जपानमध्ये घराच्या किंवा मोटारीच्या पॉलिसीत वैयक्तिक दायित्वाचे कलम आहे का आणि मुले त्यात धरली आहेत का, हे आधी पाहावे; नसेल तरच वेगळा विमा किंवा टीएस मार्क घ्यावा, आणि टीएस मार्क घेतल्यास वर्षाने नव्याने तपासणी करून घेण्याचे लक्षात ठेवावे. जर्मनीत कायदा भाग पाडत नसला तरी दायित्व विमा सर्वांत आधी घ्यावा.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 146 ची थर्ड पार्टी विम्याची सक्ती मोटार वाहनांना आहे आणि सायकल त्यात येत नाही. 250 वॅटपर्यंतची, ताशी 25 किलोमीटरच्या आतली ई-बाइकही ठरावीक अटींवर त्यातून वगळली आहे. परिणामी सायकलच्या धडकेने जखमी झालेल्याला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा मार्ग मोकळा नाही. त्याला दिवाणी दावाच लावावा लागतो, आणि तिथे जिंकल्यावरही वसुलीचा प्रश्न उरतोच. घरोघरी दायित्व विमा असण्याची स्विस वा जर्मन परिस्थिती आपल्याकडे नाही, म्हणून त्यांचे स्वेच्छेचे उत्तर जसेच्या तसे उचलता येणार नाही. पण मोलकरणीच्या किंवा वॉचमनच्या सायकलीला पॉलिसी मागणे हाही उपाय नव्हे. जपानने जबाबदारी वाटून दिली त्यातला एक भाग मात्र लगेच घेण्यासारखा आहे: सायकलवरून डिलिव्हरी करवून घेणाऱ्या कंपन्या आणि भाड्याने सायकली देणाऱ्या योजना यांच्यावर विम्याची सक्ती करावी, आणि हप्ता स्वाराच्या कमाईतून कापण्यास मनाई असावी. पॉलिसीचा तपशील त्यांच्या ॲपमध्ये सर्वांना दिसेल असा ठेवला, तर धडक बसलेल्या पादचाऱ्याला दावा कोठे करायचा हे शोधत फिरावे लागणार नाही.